काचेआडची झोप

डुलकीरावांच्या झोपेविषयी सांगायला लागलं की लोक म्हणतात, पुरे आता थापा. पण त्या रस्त्यावर कुणालाही विचारा. हा माणूस उभ्याउभ्या झोपून दाढी करायचा आणि गालावर ओरखडा म्हणून उठायचा नाही. एकदा दिवा बदलायला शिडीवर चढले आणि मधल्याच पायरीवर त्यांचा डोळा लागला. खालच्यांनी त्यांना तसंच ठेवलं आणि दुसरी शिडी आणून दिवा बदलला.

असा गुण वाया जाऊ नये म्हणून गादीवाल्या शेठनी त्यांना कामावर ठेवलं. काम एवढंच, की दुकानाच्या दर्शनी काचेआड नव्याकोऱ्या गादीवर दिवसभर झोपायचं. शेठच्या वकिलांनी रीतसर करार लिहिला. डुलकीरावांनी वर्षभर काचेत झोपायचं, इतर कुठल्याही गादीला पाठ लावायची नाही आणि शेठनी त्यांना झोपेला पोषक अशी शांतता पुरवायची. सही करताना डुलकीरावांना पेंग आली आणि सहीची शेपटी कागद ओलांडून टेबलावर उतरली.

पहिले काही दिवस काचेसमोर नुसती झुंबड. पण शेठचा स्वभाव आड आला. गिऱ्हाईक आलं की ते पत्र्याचा डबा घेऊन काचेत शिरत आणि डुलकीरावांच्या कानाशी धडाधडा बडवत. "बघा, हलतोय का? याला म्हणतात गादी!"

डुलकीराव हलत नव्हते, हे खरं. पण झोपेलाही काही मानअपमान असतो. एके दिवशी डब्याच्या तिसऱ्या दणक्याला ती जी उठून गेली, ती परत फिरकलीच नाही. मग डोळे मिटून सोंग घ्यायची वेळ आली. सोंगाला घोरणं जमेना. घरी बायकोनं गादी घातली तर हे कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसलेले.

"अहो, पडा ना जरा."

"करार आहे. दुसरी गादी चालत नाही."

"मग त्या करारालाच म्हणावं थोपट मला!"

डोळे टोमॅटोसारखे लाल झाले. शेवटी एका दुपारी डुलकीराव समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसले. कात्रीची कचकच, गालावर गरम टॉवेल, कुणी काही बडवत नाही... झाली की तंद्री! आणि मग ते जगप्रसिद्ध घोरणं सुरू झालं. आधी शिट्टी, मग खडखडाट, मग लांबलचक उसासा. गादीच्या दुकानातली गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली आणि सलूनवाल्याला विचारू लागली, "ही खुर्ची कुठं मिळते हो?"

त्या दिवसापासून डुलकीराव काचेत परत गेले नाहीत. शेठनी तडक दावा ठोकला.

कोर्टात डुलकीरावांच्या बाजूनं बायकोच उभी राहिली. शेठच्या वकिलांच्या मागण्या तीन होत्या. एक, बुडालेल्या धंद्याची भरपाई. दोन, डुलकीरावांनी ठरल्याप्रमाणे काचेत झोपावं, असा हुकूम. तीन, तोवर इतरत्र झोपायला सक्त मनाई. तिसरी मागणी ऐकून डुलकीरावांनी बायकोचा पदर ओढला. भरपाई एक वेळ फेडता येईल. पण झोपच नाही, तर जगायचं कसं?

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला. "वकीलसाहेब, कोर्ट माणसाला आडवं करू शकतं. झोपवू कसं शकेल? आणि शेठ, हे गेल्यावर नुकसान आवरायला तुम्ही काय केलंत?"

"मी स्वतः झोपलो काचेत," शेठ म्हणाले.

"मग?"

"लोक आत येऊन हळहळायला लागले. म्हणाले, कधी गेले हो?"

बाईंना एकदम खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर डुलकीरावांची बायको पुढे झाली. "बाईसाहेब, शांतता द्यायची कबूल करून ह्यांनी आमच्या ह्यांच्या कानाशी डबा बडवला. आणि सलूनची खुर्ची ही गादी कधीपासून झाली?"

"गादीसदृश आहे," वकील गरजले. "कराराची भाषा स्पष्ट आहे. मी वाचूनच दाखवतो!"

आणि त्यांनी सुरुवात केली. "सदर इसम, ज्याचा निर्देश यापुढे झोपणारा असा केला जाईल, आणि ज्या संज्ञेत सदर झोपणाऱ्याचे अंग, उपांग, उशी व उशीचा अभ्रा यांचा समावेश होईल..." गिरणीचा पट्टा फिरावा तसा एकाच सुरात आवाज चालला. दुसऱ्या कलमाला पट्टेवाला भिंतीला टेकला. तिसऱ्याला टंकलेखकाची मान यंत्रावर पडली. चौथ्या कलमाला कोर्टाच्या लाकडी बाकावरून आवाज आला, आधी शिट्टी, मग खडखडाट, मग लांबलचक उसासा.

"बघा! कोर्टाच्या डोळ्यांदेखत करारभंग!" वकील ओरडले.

"थांबू नका हो!" बायको कळवळून म्हणाली. "किती दिवसांनी लागलाय डोळा. वाचा, वाचा!"

शेठ मात्र टक लावून डुलकीरावांकडे बघत होते. असली झोप काचेत असती, तर उशासुद्धा उरल्या नसत्या!

बाईंनी स्वतःला चिमटा काढून निकाल दिला. शांततेचा शब्द आधी शेठनी मोडला, तेव्हा भरपाई नाही. घरी ज्यानं त्यानं आपापल्या गादीवर झोपावं, त्यात कोर्ट पडणार नाही. काचेतलं काम पुढे चालवायचं असेल, तर डबा बंद आणि झोपेची सोय शेठनी करायची.

"सोय समोरच उभी आहे," शेठ वकिलांकडे बघून म्हणाले.

"मी वकील आहे, अंगाई म्हणणारा नव्हे!"

"आणि आपल्या दोघांचा करार? 'सदर इसम काचेत पुन्हा झोपता होईपर्यंत वकील काम सोडणार नाहीत.' तुमचीच भाषा ना? स्पष्ट आहे अगदी."

दुसऱ्या दिवशी वकील करार घेऊन काचेत स्टूल टाकून बसले.

मग काय विचारता! वाचन सुरू झालं की फुटपाथवरची माणसं पेंगायला लागायची. डुलकीराव काचेत झोपायचे, घरी जाऊन पुन्हा झोपायचे. डोळ्यांचा लाल रंग उतरला. बायको कुरकुरायला लागली, "आता जरा जागेही राहा की!"

आणि एका टळटळीत दुपारी डुलकीराव दचकून उठले. काय झालं ते कळेना. आवाजच बंद! बघतात तर वकीलसाहेब गादीच्या दुसऱ्या कडेला, करार छातीवर, तोंड उघडं, गाढ.

डुलकीराव पाय न वाजवता शेठकडे गेले. "शेठ, वकिलांनी काम सोडलं. करार मोडला. दावा लावायचा?"

"शू..." शेठनी पत्र्याचा डबा पायानं टेबलाखाली सारला आणि काचेबाहेरच्या गर्दीकडे बोट दाखवलं. "हळू बोला. उठतील ते."

डुलकीरावांनी एकदा वकिलांकडे पाहिलं आणि उरलेल्या अर्ध्या गादीवर अंग टाकलं.