शीर मारलेले खेकडे

खेकड्याची शीर मारायला हात हलका लागतो. नांगीच्या सांध्यात सुरीचं टोक नखाएवढंच आत घालायचं आणि मनगट वळवायचं. शीर तुटली की नांगी लुळी पडते, मग टाकीत तो शेजाऱ्याला फाडत नाही. टोक जरा खोल गेलं की खेकडा आतल्या आत झिजून वाटेतच मरतो. आणि एकदा शीर मारलेला खेकडा समुद्रात परत सोडून काही उपयोग नाही, त्याला खाता येत नाही. शीर मारलीत की तो जिवंत पोचवायची जबाबदारी तुमची. हे मला माझ्या सासूनं शिकवलं. शाळेत मी गेले ती हजेरी लावण्यापुरती, पण इंग्रज किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्थगॅरो बंदरात माझ्याइतका हलका हात आजवर कोणाचा झालेला नाही. हे मी नाही, सगळं बंदर म्हणतं.

साथीच्या त्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, आमचा शेवटचा ट्रक निघायचा होता. ट्रक म्हणजे पाठीवर समुद्राच्या पाण्याची टाकी, पाणी गार ठेवणारं यंत्र आणि हवा सोडणारा पंप. चालवणार माझा मुलगा पेरन. माल जायचा होता स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर, आन्शोकडे. तिकडची माणसं नाताळच्या आदल्या रात्री खेकडा खाल्ल्याशिवाय सण झाला असं मानत नाहीत, आणि आन्शो तीस वर्षं आमच्याशिवाय कुणाचा खेकडा घेत नव्हता.

नोव्हेंबरातच त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. त्याचं इंग्रजी बोटींवरच्या खलाशांकडून उचललेलं, तुटक.

"बाई, जानेवारीपासून तुम्ही आमच्या बाजारातून बाहेर. प्रत्येक पेटीला डॉक्टरचा कागद, शिक्का, तपासणी. आयर्लंडवाला आत आहे, त्याला कागद नको. तो रोज फोन करतो."

"मग घ्या त्याचा," मी म्हटलं.

"मला तुमचा पाहिजे. पण या वेळी माल वेळेवर, जिवंत. मग जानेवारीत कागदाचं मी बघतो, तुमची वाट बघतो. नाही आला, तर मी आयर्लंडला हो म्हणतो."

म्हणजे या एका खेपेवर सगळं टांगलेलं. आमच्या दोन बोटी, गावातल्या आणखी तिघांच्या बोटी, सगळ्यांचा खेकडा माझ्याच टाकीतून जातो. आणि तिकडे ब्रुसेल्समध्ये आमचे आणि त्यांचे साहेब मासळीवरूनच भांडत बसलेले, करार होतो की नाही कोणाला पत्ता नाही. ब्रुसेल्सच्या संघातून बाहेर पडायच्या बाजूनं मतपत्रिकेवर फुली मीही मारली होती, ते मी लपवत नाही. माझी मुलगी टॅमसिन ते मला दर जेवणाला वाढते.

रविवारी सकाळी दहाला ट्रक निघायचा. साडेनऊला शेवटची बोट सहा पेट्या घेऊन आली. शेजारचा क्लेम सुरी घेऊन पुढे झाला.

"लव्हडी, दे चार पेट्या इकडे. दोघं मिळून उरकू, पोराला जाऊ दे."

"तुझा हात म्हणजे कुऱ्हाड आहे, क्लेम. तुझा निम्मा माल स्पेनला पोचेपर्यंत देवाघरी गेलेला असतो."

"आई," टॅमसिन म्हणाली, "शनिवारी लंडन बंद केलंय. नवीन जातीचा आजार आलाय म्हणतात. सगळे देश एकेक करून दारं लावतायत. आज एक दिवस क्लेमकाकांना करू दे."

"आम्हा किट्टोंच्या टाकीत किट्टोंच्याच हातचा खेकडा जातो."

एकटीनं सहा पेट्या केल्या. अडीच तास लागले. पेरन ट्रकच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. तो त्याच्या बापावर गेलाय, राग आला की बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधतो. त्या दिवशी त्यानं ते तीनदा बांधले.

सोमवारी सकाळी त्याचा फोन आला.

"फ्रान्सनं दार लावलं, आई. काल रात्री अकराला. मी फ्रान्सला जायच्या बंदरापासून तीन मैलांवर होतो. ट्रक पलीकडे नेणाऱ्या ज्या बोटीचं तिकीट होतं ती त्याआधी आठलाच गेली."

"मग आता?"

"आता काय. पुढे हजार ट्रक, मागे हजार ट्रक. पोलीस म्हणतात दोन दिवस. शेजारचा पोलंडवाला म्हणतो नाताळ इथंच."

टॅमसिन टेबलापलीकडून माझ्याकडे बघत होती. तिनं एक शब्द काढला असता तर मी चहाची किटली फेकली असती. तिनं काढला नाही, ते जास्त लागलं.

"डिझेल किती आहे?" मी विचारलं.

"यंत्र आणि पंप चालू ठेवला तर बुधवारपर्यंत."

"मग चालू ठेव. तासातासाला टाकी बघ. मेलेला लगेच काढ, नाहीतर पाणी नासेल."

"मला शिकवतेस, आई?"

"हो, शिकवते."

दुपारी आन्शोचा फोन. "बाई, ट्रक?"

"अडकलाय. दार लावलं ना तुमच्या शेजाऱ्यांनी."

"हो. इथं टीव्हीवर सगळे म्हणतात, तुमच्या सरकारचा गोंधळ."

"सरकारचाच," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाचा असणार?"

"गुरुवारी दुपारपर्यंत आला तरी चालेल. त्यानंतर नाही."

फोन ठेवल्यावर टॅमसिन म्हणाली, "सरकारचे इतके अपराध आहेत, त्यात तुझे अडीच तास कुठं दिसायचे?"

"तुझ्या तोंडाला पंप लावलाय का गं?"

मंगळवारी मी दर दोन तासांनी फोन केला. सकाळी एकोणीस मेलेले. दुपारी एकतीस. एवढ्यानं काही बिघडत नाही, तीन टनांत तेवढं चालतं. पण दुपारच्या फोनमध्ये पेरन खोकला.

"काय झालं?"

"काही नाही. गारठ्यात टाकीवर चढतोय ना."

"खाल्लंस काही?"

"तू भाजून दिलेल्या मांस-बटाट्याच्या पास्ट्या संपल्या. आता बिस्किटं. इथं एक संडास आहे आणि त्याला रांग बंदराएवढी."

संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, दार उघडणार. पण ज्याची चाचणी कोरी, म्हणजे लागण नाही, तोच पुढे जाणार. सैनिक येऊन नाकात काडी घालणार, अर्ध्या तासात निकाल. टॅमसिननं कागदावर हिशेब मांडला. बुधवारी दुपारी चाचणी, संध्याकाळी बोट, सगळी रात्र गाडी, गुरुवारी दुपारी आन्शोचं दार. एका माणसाला नियमानं इतकं चालवता येत नाही, पण व्होइतेक नावाचा तो पोलंडवाला चालक पेरनबरोबर यायला तयार होता. त्याचा स्वतःचा ट्रक रिकामाच होता आणि मालकानं तो, अडकलेले सगळे ट्रक उभे केले होते त्या जुन्या विमानतळावरच लावून ठेवायला सांगितलं होतं.

"होतंय," टॅमसिन म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली. "आई, होतंय बघ."

बुधवारी सकाळी नऊला मी फोन केला.

"किती मेले?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? टाकी उघडली नाहीस?"

"उघडली. व्होइतेक मागून आला आणि नाक धरून पळाला. म्हणाला, सडलंय काहीतरी आत. मी टाकीत तोंड घालून उभा होतो, आई. मला काहीच आलं नाही."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. मेलेला खेकडा ज्याच्या नाकाला कळत नाही असा किट्टो आजवर जन्मला नव्हता. हा पोरगा चार वर्षांचा असताना शंभर खेकड्यांच्या पेटीतून एक मेलेला वासावर काढायचा, धक्क्यावरची माणसं पैजा लावायची.

"ताप?"

"असेल. अंग मोडून आलंय."

टॅमसिननं दोन्ही हात तोंडावर घेतले होते. तेव्हा तो आजार कसा येतो हे पोरासोरांनाही पाठ होतं. आधी खोकला, मग वास जातो.

"ऐक," पेरन म्हणाला. आवाज खाली गेला. "व्होइतेक म्हणतो, काडी तो घालून घेईल. माझ्या नावानं, गाडीचे कागद माझ्याच नावावर आहेत ना. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, काडी घालणाऱ्या सैनिकांना कोण कोण हे कळत नाही. त्याला ना खोकला, ना ताप. मी मागच्या फळीवर झोपून राहीन, नियम मोडून गाडी रात्रभर तोच चालवेल. उद्या दुपारी आन्शोच्या दारात."

"आणि तो? तुझ्या श्वासात रात्रभर?"

"त्याला सांगितलंय. तो म्हणतो, खिडकी उघडी ठेवू."

मी टॅमसिनचा हिशेबाचा कागद जवळ ओढला.

"आई, उरलेले जिवंत आहेत. मी हात घालून बघितले. नव्वद टक्के जिवंत आहेत. तुझ्या हातचे आहेत ना. क्लेमकाकांचे असते तर..."

त्यानं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला नेमकं नको तिथं झोंबलं.

खरं सांगते, 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. पाच बोटी. तीस वर्षं. एक काडी, ती कोणाच्या नाकात गेली याचं कोणाला काय पडलंय? लंडनमधल्या साहेबांनी रोज एक नियम करायचा आणि रोज मोडायचा, आणि आम्ही तेवढे सोवळ्यात राहायचं?

पण आन्शोकडची एक रीत आहे. ट्रक आला की पहिला खेकडा टाकीतून थेट त्याच्या स्वयंपाकघरात जातो. उकळत्या खाऱ्या पाण्यात, तमालपत्र घालून. मग चालकानं आणि आन्शोनं एका टेबलावर बसून तो फोडून खायचा. न खाता मालाला हात लावत नाहीत, अपशकुन मानतात. आणि तो खेकडा उकडते त्याची बायको उशिया. ती एप्रिलात याच आजारानं तीन आठवडे इस्पितळात होती. त्या आठवड्यांत आन्शो मला रोज फोन करायचा, खेकड्यांबद्दल एक शब्द नाही, फक्त आज तिला किती हवा लागली ते सांगायचा. अजून ती जिना चढताना दोनदा बसते.

"पेरन," मी म्हटलं, "तू बाहेरच थांबशील का? त्यांच्या घरात न जाता?"

"आई, तो मला बाहेर ठेवेल का? हाताला धरून नेतो."

"आजारी आहे म्हणून सांग."

"मग माल उतरवून घेईल का? मग चाचणी कोणाची हे नाही विचारणार?"

टॅमसिन माझ्यासमोर उभी होती. ती काहीच सुचवत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सगळं माझ्यावर सोडलं होतं, आणि नेमकं तेव्हाच मला कोणीतरी भांडायला हवं होतं.

"काडी तुझ्याच नाकात जाईल," मी म्हटलं. "आणि जे येईल ते येईल."

"आई, काय येणार ते माहीत आहे."

"मलाही माहीत आहे. फोन ठेव आणि रांगेला लाग. व्होइतेकला लांब उभं कर. मी आन्शोशी बोलते."

तो नंबर मला पाठ आहे, तरी दोनदा चुकला.

"आन्शो, ट्रक येत नाही," मी म्हटलं. "पेरनला लागण झालीय."

"अरे देवा. फार आहे?"

"चालतोय, बोलतोय. आणि अजून एक. सोमवारी मी तुम्हाला सरकारचा गोंधळ म्हणाले. सरकारनं केला असेल तेवढा केला. पण आमचा ट्रक रविवारी दहाला निघाला असता तर तो आठच्या बोटीत बसला असता. मी एकटीनं शिरा मारत बसले. क्लेमला हात लावू दिला नाही."

पलीकडे मागे भांड्यांचा आवाज येत होता, उशियाच असणार.

"बाई," तो म्हणाला, "आयर्लंडचा ट्रक काल संध्याकाळी आला. माझ्या टाक्या भरल्या."

"काल?"

"सोमवारी फोन केला मी त्याला. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं. गुरुवार म्हणालो, तेव्हाच ठरवलेलं होतं." मग म्हणाला, "मुलाला गरम दूध द्या. त्यात ब्रँडी."

"तो साडेतीनशे मैलांवर आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणजे मंगळवारी मी जे मोजत होते, एकोणीस, एकतीस, ते कोणासाठीच नव्हतं. खरं बोलून मला काही परत मिळालं नाही, आणि खोटं बोलले असते तरी मिळणार नव्हतं. टॅमसिनला मी सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडायचं असेल तर कांदे चिरून रड, संध्याकाळी पास्ट्या करायच्यात." ती म्हणाली, "कोणासाठी?"

दोन वाजता पेरनचा निकाल आला. लागण. त्याला विमानतळाच्या कडेला वेगळ्या ओळीत गाडी लावायला सांगितलं. रात्री एखाद्या हॉटेलात नेतील, नाहीतर उद्या. डिझेलचा काटा तळाला टेकलेला.

"व्होइतेक म्हणतो, कॅन घेऊन कुठून तरी आणतो," पेरन म्हणाला. "पंप उद्यापर्यंत चालेल. कोणतंतरी दुसरं गिऱ्हाईक बघ ना आई, इथंच जवळपास. टॅमसिनला फोन करू दे सगळ्यांना."

"पंप बंद कर."

"काय?"

"पंप आणि गारव्याचं यंत्र, दोन्ही बंद कर. उरलेलं डिझेल हीटरला ठेव."

"आई, सगळे मरतील. शीर मारलेले आहेत, समुद्रात सोडायची पण सोय नाही. तूच म्हणतेस ना, जबाबदारी..."

"मी म्हणते, मला माहीत आहे मी काय म्हणते! तुझी शीर मी नाही मारली. पंप बंद कर."

तो शिव्या देत उतरला. फोन सीटवर तसाच चालू होता. दार आपटल्याचं ऐकू आलं, मग बुटांचा आवाज, मग बराच वेळ ती घरघर. मग ती थांबली. टॅमसिननं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला नाही.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"झालं," म्हणाला.

"हीटर लाव."

"लावला."

"खायला काय आहे?"

"व्होइतेकनं पायरीवर डबा ठेवलाय. बिटाचं सूप. लाल आहे, गरम आहे. चव काय कळत नाही."

"बिटाचं सूप म्हणजे गुरांना घालायचं पाणी. तरी पी. सगळं पी. मी फोन धरून आहे."