रबरी छाती आणि दुसऱ्या गटातले काका

मित्रांनो, मी एक जुनी छाती आहे. दचकू नका, माणसाची नव्हे, रबराची. मला डोके नाही, पाय नाहीत आणि हात खांद्यापाशीच संपतात. माझ्या अंगावर झाले तितके वार एखाद्या लढवय्याच्या अंगावरही झाले नसतील. त्यातला एकही वार रागाने केलेला नव्हता.

माझा जन्म कापडदुकानांसाठी पुतळे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. एके दिवशी तिथे एका मोठ्या रुग्णालयातल्या अपघात विभागाच्या प्रमुख सर्जन आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. बोटाने चाचपून बरगड्या मोजता येतील अशी छाती हवी, असे त्यांनी मिस्त्रींना सांगितले. मिस्त्री म्हणाले की आजवर लोक बरगड्या दिसू नयेत म्हणून पैसे देत आले, दिसाव्यात म्हणून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग त्यांनी आपल्या काटकुळ्या मेव्हण्याला सदरा काढून उभे केले आणि त्याच्यावरून साचा घेतला. नाते लावायचेच तर मी त्या मेव्हण्याची कुणीतरी लागते. आत कडक बरगड्या, स्पंजाची फुप्फुसे, रक्ताऐवजी लाल पाण्याची पिशवी आणि वरून बदलता येणारी रबरी कातडी, अशी माझी घडण झाली. माझ्या भावंडांच्या अंगावर नवे कपडे चढले. माझ्या वाट्याला सुरी आली.

माझे काम काय, ते सांगते. अपघातात छातीला मार लागला की कधी कधी फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठते. फुप्फुस दबते आणि माणसाचा श्वास कोंडतो. अशा वेळी काखेखाली छेद घेऊन, दोन बरगड्यांच्या मधून एक नळी आत सरकवतात. हवा आणि रक्त बाहेर पडले की श्वास मोकळा होतो. ऐकायला सोपे आहे. पण जागा चुकली, नळी खाली गेली, तर ती पोटात शिरते. म्हणून शिकणाऱ्या डॉक्टरांनी आधी माझ्यावर हात बसवावा, एवढ्यासाठी मला बनवले होते.

पण माझ्यावर सराव केल्याने खरोखर फरक पडतो का? मॅडमना खात्री होती, रुग्णालयाच्या वरिष्ठांना नव्हती. त्यांच्या काळात एकदा पाहायचे आणि दुसऱ्यांदा करायचे अशी रीत होती. आमचे काय अडले, असे ते विचारत. तेव्हा मॅडमनी रीतसर परवानगी घेऊन संशोधन सुरू केले. शिकाऊ सर्जनांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. पहिल्या गटाने दर आठवड्याला माझ्यावर सराव करायचा. दुसऱ्या गटाने सुरुवातीला एकदाच माझी ओळख करून घ्यायची आणि पुढे नेहमीप्रमाणे वरिष्ठांच्या हाताखाली शिकायचे. वर्षअखेर दोन्ही गटांचे काम ताडून पाहायचे.

दुसऱ्या गटाची चिठ्ठी ज्यांना लागली, त्यांत काका होते. त्यांनी बरीच वर्षे स्वतःचा छोटा दवाखाना चालवला होता आणि चाळिशी जवळ आल्यावर सर्जन व्हायचे मनावर घेतले होते. बरोबरीची मुले त्यांच्याहून पुष्कळ लहान, म्हणून त्यांचे नाव काका पडले. घरी ते आणि त्यांची मुलगी एकाच टेबलाशी अभ्यासाला बसत. दोघांत आधी कोण पास होतो ते बघू, असे त्यांची बायको म्हणे. काका हळू शिकत, पण शिकलेले विसरत नसत. हे सगळे मला सरावाच्या खोलीची किल्ली सांभाळणाऱ्या मामांकडून कळले. मामा माझी धूळ पुसताना स्वतःशीच बोलत.

त्या वर्षाच्या मध्यावर एका रंगाऱ्याला अपघात विभागात आणले. घराला रंग देताना तो शिडीवरून पडला होता. त्याच्या उजव्या फुप्फुसाभोवती रक्त साठत होते. वरिष्ठ डॉक्टर शेजारच्या टेबलावर दुसऱ्या रुग्णात गुंतले होते. त्यांनी काकांना नळी घालायला सांगितली. काकांनी ती याआधी दुसऱ्याच्या हाताखाली घातली होती, एकट्याने कधी नाही. रंगारी तडफडत होता. घाईत काकांच्या बोटाने बरगडी चुकीची मोजली. नळी खाली गेली आणि यकृताला जखम झाली.

मॅडम धावत आल्या. त्यांनी योग्य जागी दुसरी नळी घातली आणि लगोलग पोटाचे ऑपरेशन केले. रंगारी वाचला. मात्र त्याचे दुखणे पुष्कळ लांबले.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःहून रंगाऱ्याच्या थोरल्या भावाला भेटले आणि चूक माझ्या हातून झाली, असे त्यांनी सांगितले. भावाने आरडाओरडा केला नाही. एवढेच विचारले, "डॉक्टर, तुम्ही अजून शिकताय का?"

"हो," काका म्हणाले.

"मग माझ्या भावावरच का शिकलात?"

काका तिथून निघाले. ते सरळ मॅडमकडे गेले आणि मला पहिल्या गटात घ्या म्हणाले. मॅडमनी नकार दिला. कारण त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, आणि ते कारण खोटे नव्हते. मधेच गट बदलले तर आकडे कुचकामी ठरतील. आकडे नसतील तर वरिष्ठ सराव सक्तीचा करणार नाहीत, आणि पुढे येणारा प्रत्येक डॉक्टर तुमच्यासारखाच रुग्णावर शिकेल. थोडे महिने कळ काढा. तोवर नळी एकट्याने घालू नका.

काकांनी मान हलवली. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी, वॉर्डात फेरी सुरू व्हायच्या आधी, ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मामांनी दार उघडून दिले होते. नियम मामांना ठाऊक होता. पण शिकू द्या म्हणणाऱ्याला नाही कसे म्हणायचे, असे ते मला पुसताना पुटपुटले.

काकांचे बोट माझ्या बरगड्यांवरून फिरू लागले. पहिल्या दिवशी ते पुन्हा खालीच गेले. काही दिवसांनी दुसऱ्या गटातले आणखी दोघे त्यांच्याबरोबर येऊ लागले. अशा गोष्टी लपून राहत नाहीत.

एका सकाळी मॅडम दारात उभ्या दिसल्या. तिघेही जागच्या जागी थिजले. मामांनी किल्ली खिशात घातली, जणू त्यामुळे दार आपोआप बंद होणार होते.

"किती दिवस चाललंय हे?" मॅडमनी विचारले.

"रंगाऱ्याच्या त्या दिवसानंतर," काका म्हणाले. "या दोघांना मीच बोलावलं. तुमचे आकडे बिघडले, मॅडम. मला कळतंय ते. पण उद्या कुणी वरिष्ठ जवळ नसला आणि समोर माणूस गुदमरत असला, तर मी त्याला काय सांगू? थांब, माझा गट दुसरा आहे?"

मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांचे काम समोर मोडून पडले होते, आणि ते मोडणारा माणूस चुकीचे बोलत नव्हता. रागावणे सोपे होते. मग त्या माझ्याजवळ आल्या, त्यांनी काकांचे मनगट धरले आणि बोट वर सरकवले.

"काखेपासून खाली मोजत या, पोटाकडून वर नको," त्या म्हणाल्या. "आणि बरगडीच्या वरच्या कडेने आत जा. खालच्या कडेला रक्तवाहिनी असते. हं. आता पुन्हा."

त्या क्षणी संशोधन संपले.

मॅडमनी ते झाकले नाही. परवानगी देणाऱ्या समितीपुढे जाऊन सगळे सांगितले. एका सदस्याने त्यांना चांगलेच फैलावर घेतले. शिस्त ठेवता येत नसेल तर संशोधनाच्या वाटेला जाऊ नये, असे तो म्हणाला. त्यांनी ऐकून घेतले. मग शोधनिबंध लिहिला. गट मिसळले, त्यामुळे सरावाने किती फरक पडतो ते या अभ्यासातून सांगता येत नाही, असे त्यात सरळ लिहिले. आणि ज्यांना सराव नाकारला होता, त्यांना एका चुकीनंतर तो नाकारणे आम्हालाच जमले नाही, हेही लिहिले. बऱ्याच वैद्यकीय मासिकांनी तो साभार परत केला. शेवटी एका लहान मासिकात कोपऱ्यात आला.

पुढचा अभ्यास त्यांनी वेगळा आखला. त्यात कुणाचाही सराव अडवला नाही. माझ्यावर हात पक्का झाल्याखेरीज रुग्णाला नळी घालायची नाही, हा नियम सगळ्यांना एकच. कोणाला किती सराव लागतो, एवढेच पाहायचे. सर्वांत जास्त काकांना लागला. मुले हसली, काकाही हसले.

रंगारी बरा होऊन घरी गेला. तोवर काका रोज त्याच्या खाटेशी जाऊन बसत. थोरला भाऊ त्यांच्याशी फारसे बोलत नसे. निघताना मात्र त्याने हात जोडले. काकांनीही उलट हात जोडले.

पुढे एका बाईला ट्रकने उडवले, तेव्हा काकांनी एकट्याने नळी घातली. ती जागेवर गेली आणि बाईचा श्वास मोकळा झाला. विभागात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिथे लगेच पुढचा रुग्ण येतो. मला हे मामांनी पुसताना सांगितले.

मग नवी बाहुली आली. ती श्वास घेते, कण्हते, डोळे फिरवते. तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मला सामानाच्या खोलीत हलवले. मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला माणूस टापटिपीचा आहे. त्याने माझ्यावर प्लास्टिक घातले आणि 'हात लावू नये' अशी पाटी अडकवली. मला एकदाच पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढले होते. जपून ठेवली आहे, असे त्यांना सांगितले.

मित्रांनो, रबर नुसते पडून राहिले की कडक होते. मग त्याला भेगा जातात. कडक छातीवर शिकलेले बोट खोटे शिकते. नव्या बाहुलीपुढे रांग असते आणि रांगेत मागे राहिलेले काही जण न शिकताच वॉर्डात जातात. तुमच्यातले कुणी पुढे डॉक्टर झाले, तर हे प्लास्टिक काढा. नवी कातडी बसवा, बरगड्या मोजा, सुरी घ्या. चुकलात तर पुन्हा मोजा, पुन्हा कापा. वाटेल तितका वेळ लावा. मला दुखत नाही.