डोमिंगाचे कडू बटाटे

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानू नकाच. पण आमच्या डोंगरावर एका बाईनं बटाट्याच्या जोरावर अख्खी टोळी लोळवली.

वरच्या गावचा नीकानोर. मूठ अशी, की ओझं वाहणाऱ्या लामाच्या कपाळावर हाणली तर लामा खेचर व्हायचा. वरच्या आणि खालच्या गावात दरवर्षी होणाऱ्या लढाईत धरणीला रक्त पाजायचं ही रीतच आहे, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. पण पडलेल्याला मारत नाहीत. नीकानोरनं डोमिंगाच्या भावाला, एउस्ताकियोला, पडल्यावरही मारलं. मुठीत दगड धरून जबडा लोंबेपर्यंत मारलं; त्याची वाचाच गेली.

तेव्हापासून दर कापणीला तो तिचं पीक लुटून नेई. एकदा जाताना म्हणाला, "पुढच्या खेपेला शेतच घेतो. लढायला आहे कोण तुझ्याकडं? हा मुका?"

डोमिंगाला एकच घोर: शेत गेलं तर भावाच्या घशाखाली पेज कुठली उतरवणार?

तिच्या मेंढवाड्यामागं, खडकात, रानबटाटा उगवायचा. इतका जहरी, की पानावर बसलेला किडा उडायच्या आधीच उताणा. गड्डा लावला तर लेक हुबेहूब आईवर जाते. फळातलं बी पेरलं तर कोण कोणाचा गुण उचलेल, नेम नाही. शहरातले लोक त्याला जनुक म्हणतात, आम्ही बापाची खोड म्हणतो. लुटीच्या त्या सगळ्या वर्षांत डोमिंगा गुपचूप रानबटाट्याला शेतातल्या बटाट्यापासून झालेल्या सावत्र पोरांचं बी पेरत होती. प्रत्येक गड्डा चावायची, थुंकायची, विष उतरायला जिभेवर चिकणमाती चोळायची. गोड निघाला तो हंडीत, सगळ्यात कडू तो बियाण्याला. त्या खेपेला सगळं शेत त्यांनीच भरलं होतं.

नीकानोर टोळी घेऊन आला. गोफणीच्या दगडांनी दार फोडलं, कुत्र्याचं डोकं फोडलं. मग जिंकणारे करतात तसंच केलं: हरणाऱ्याच्या शेतात ढेकळांची भट्टी रचली आणि त्याचेच बटाटे भाजले.

डोमिंगानं पाण्यात कालवलेल्या चिकणमातीची वाटी पुढं केली. "कडू आहेत, दादा. मातीत बुडवून खा, नाहीतर सोसायचे नाहीत."

"माती बायकांना आणि हरलेल्यांना!" नीकानोरनं वाटी लाथाडली. "आम्ही कोरडे खातो. बघा रे, कोण तोंड वाकडं करतो ते!"

मग कोण करणार? डोळ्यांत पाणी आलं तरी सगळे चढाओढीनं गिळत राहिले. जरा वेळानं पहिला ओकला, तो इतक्या जोरात, की त्याचा सोन्याचा दात बांधाच्या दगडात रुतला. दुसरा ढेकळं चावू लागला. तिसऱ्यानं स्वतःच्या भावालाच नीकानोर समजून त्याचं नाक फोडलं.

तेव्हा डोमिंगानं पायानं जमिनीत रेटायचा पायनांगर उचलला. पहिला घाव नीकानोरच्या गुडघ्यावर. कडकन आवाज झाला. एउस्ताकियोनं मुठीत दगड घेतला आणि आजवर बोलता न आलेलं सगळं त्याच्या तोंडावर बोलून घेतलं. रक्त सरीतून ओढ्यापर्यंत वाहिलं. नीकानोर तिथंच मेला, आणि डोमिंगानं पेटती भट्टी त्याच्यावर लोटून...

"गप बसा, सिप्रियानो मामा!" बटाटे सोलत गोष्ट ऐकणारी उर्सुला सुरी रोखून उठली. "मेला म्हणे! माझा नवरा नीकानोर घरात घोरतोय. गुडघा मोडला, खरं. ओकून ओकून अर्धा झाला, तेही खरं. त्या शेताचं नाव काढलं की अजून पोट धरून बसतो, हेही खरं. पण मेला नाही!"