तुरेरावाचं पाणी

"हिरवी," सूनबाई पुटपुटली आणि पाणी तपासायची काचेची नळी तिने खिडकीच्या उजेडात पुन्हा धरली. "आई, बघा ना. हिरवीच आहे ना ही?"

मुकादमीणबाईंनी पाहिलं. हिरवीगार होती. "मला काय विचारतेस? तुझी औषधं, तुझी जनावरं," त्या म्हणाल्या, पण आवाजाला रोजची धार आली नाही.

"पिवळी राहायला हवी होती. हिरवी म्हणजे पाण्यात विष साठलंय."

काचेच्या टाकीच्या तळाशी, बारीक वाळूवर, तुरेराव निपचित पडला होता. ॲक्सोलोटल म्हणतात त्या प्राण्याला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार चिमुकले पाय आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना लाल तुऱ्यांसारखे कल्ले. नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. सूनबाई त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. प्रयोगशाळेची दुरुस्ती निघाली, तेव्हा मोठ्या बाईंनी तुरेरावाला तिच्या भरवशावर सोपवायचं ठरवलं. पोरगी हरखून गेली होती. सहा आठवडे ती रिकाम्या टाकीची बडदास्त ठेवत होती. रोज पाणी तपासायचं, थेंब मोजून औषध घालायचं, वर पंखा लावून पाणी गार ठेवायचं.

"माझ्या बाळंतपणात कुणी एवढी धावपळ केली नव्हती," मुकादमीणबाई शेजारणीला ऐकवायच्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. "इथे एका पालीचे लाड चाललेत."

टाकीच्या कोपऱ्यात फिल्टरच्या बंद डबीत स्पंज होता. त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर चढलेला. सुनेने बजावून ठेवलं होतं, "आई, बाकी कशालाही हात लावा, त्या स्पंजला लावू नका. मळका दिसतो, पण त्यातले जंतूच पाणी शुद्ध ठेवतात. सहा आठवडे लागले ते वाढायला."

जंतू! आणि हे कुणाला सांगायचं? जिने एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळून जंतू मारले, चाळीस बायकांवर मुकादमकी केली, तिला? आळशीपणाला हल्ली काय एकेक कारणं निघतात, असंच त्यांना वाटलं होतं.

तीन दिवसांपूर्वी सूनबाई तुरेरावाला आणायला शाळेत गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुकादमीणबाईंनी पदर खोचला.

संध्याकाळी सुनेने तुरेरावाचा डबा टाकीशेजारी ठेवला. त्याला धक्का बसू नये म्हणून दोन तास ती टाकीतलं पाणी वाटी-वाटीने डब्यात मिसळत राहिली. मग तो अलगद नव्या घरात उतरला. "आई, काच कशी लख्ख वाटते ना आज?" तिने भाबडेपणाने विचारलं होतं. मुकादमीणबाईंनी नुसतं "हं" केलं होतं.

आता त्याचे तुरे पुढे वळून आक्रसले होते. शेपटीच्या टोकाला पीळ पडला होता. समोरचं गांडूळ कालपासून तसंच होतं.

"माझंच चुकलं," सूनबाई म्हणाली. "काहीतरी मापात चुकले मी. मोठ्या बाईंना सांगते, याला दुसऱ्या कुणाकडे द्या. माझ्या हातून नाही व्हायचं हे." तिने फोन उचलला.

गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नव्हतं. हा विचार मुकादमीणबाईंच्या मनात आला, आणि तो आला याचीच त्यांना जास्त लाज वाटली. 'चादर जळली तर जळू दे, पण लपवलीस तर घरी बस,' हे त्या धुलाईघरात नव्या बाईला पहिल्याच दिवशी दरडावून सांगत.

"फोन ठेव."

"लागतोय आई, थांबा."

"ठेव म्हणते ना! स्पंज मी धुतला."

सूनबाई वळली. "कधी?"

"तू त्याला आणायला गेलीस तेव्हा. उकळत्या पाण्यात, ब्लीच घालून. मग सात पाण्यांतून काढला, वाससुद्धा ठेवला नाही." सात पाण्यांचा तोरा तेवढ्यातही तोंडातून निसटलाच. त्यांनी जीभ चावली.

फोनमधून मोठ्या बाईंचा आवाज आला. सुनेने तो कानाला लावला, पण नजर सासूवरून काढली नाही. "हो बाई... पाणी बिघडलंय. नाही, कारण कळलं. आमच्याकडून स्पंज धुतला गेला." पलीकडून पुन्हा विचारणा झाली. "हो, आमच्याकडूनच. मी सांभाळते. कळवते तुम्हाला."

ती किंचाळली असती तर मुकादमीणबाईंकडे उत्तर तयार होतं. तिने चार शब्द सुनावले असते तर यांनी आठ सुनावले असते. पण तिने 'आमच्याकडून' म्हणत सासूला पाठीशी घातलं. मुकादमीणबाई टाकीपाशी वाकल्या.

"जगेल का गं?"

"माहीत नाही." सुनेने माळ्यावरचा प्लॅस्टिकचा टब खाली उतरवला. "स्पंज पुन्हा तयार होईपर्यंत त्याला यात ठेवायचं. रोज सगळं पाणी बदलायचं. महिना लागेल, दीड महिनाही लागेल."

"मी बदलीन. तू सांगशील तसं."

पाणी ओतून, औषध घालून सुनेने टब तयार केला. मग डबा घेऊन ती टाकीशी गुडघ्यांवर बसली.

"मी डबा धरते. तुम्ही त्याला हळूच आत वळवा. आधी हात धुवून या. साबण लावू नका."

मुकादमीणबाई नळाखाली नुसत्या पाण्याने हात धूत राहिल्या. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. मग परत येऊन त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून सुनेपुढे धरले आणि ती 'चालेल' म्हणेपर्यंत तसेच धरून ठेवले.