कृष्णवेणीच्या रक्ताची रेघ

कल्याणराम गेल्याला सोळा दिवस झाले, तरी त्याच्या बायकोच्या, कृष्णवेणीच्या, डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. राजवाड्यामागच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती, तरी बायका मालिका सोडून समाचाराला येत. त्या आल्या की सासू शेषम्मा मोठ्यानं गळा काढी आणि सगळ्यांची नजर सुनेच्या कोरड्या तोंडाकडे वळे. एकोणीस वर्षांचा संसार, आणि आत नुसतं बधिर. आपल्याला रोगच जडलाय, असं कृष्णवेणीनं मनाशी धरलं. रोग असला तर बरंच, निदान आपण दगड तरी ठरणार नाही.

सतराव्या दिवशी ती कामावर गेली. कॉलेजातल्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. तिथले डॉक्टर गुरुमूर्ती उदास रोग्यांच्या रक्तातलं सेरोटोनिन, म्हणजे जे कमी पडलं की मन आजारी पडतं म्हणतात ते द्रव्य, मोजत, आणि मोजायला यंत्र कसलं, तर उंदराच्या जठराची पट्टी. ती कोमट क्षारपाण्यात टांगायची, तासभर विसावू द्यायची. मग रक्ताचा अंश पडला की पट्टी आखडते आणि तिला बांधलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ चढवते. रेघ जितकी उंच, तितकं सेरोटोनिन जास्त. मेलेल्या उंदराचं मांस चार-चार तास असं इमानेइतबारे काम करी. कृष्णवेणीला त्याचा हेवा वाटला असता, काही वाटत असतं तर.

सकाळी तिनं स्वतःचं रक्त काढून ठेवलं होतं. डॉक्टर जेवायला गेल्यावर, गोठलेल्या रक्तावर सुटलेलं पाणी तिनं पट्टीवर सोडलं आणि नव्वद सेकंद मोजले. काडी चढली. धडधाकट माणसांची चढते तेवढीच, तसूभरही कमी नाही.

परत आल्यावर डॉक्टरांनी ही रेघ कुणाची म्हणून विचारलं. तिनं खरं ते सांगितलं, कशासाठी तेही. ते रागावले नाहीत. रक्तातलं सेरोटोनिन बहुतेक आतड्यातून येतं, त्यावरून मनाचं काही कळत नाही, एवढंच म्हणाले. मग आपण तीन वर्षं हे कशाला मोजतोय, ते तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी समाचाराच्या बायका गेल्यावर तिनं सासूला रस्सम-भात वाढला आणि दिवसभराचं सगळं सांगितलं.

"अत्ते, मज रोग नाही. रडूच येईना, इतकंच."

शेषम्मानं घास तसाच पानात ठेवला.

"मजही येईना," ती म्हणाली. "बायका आल्या की उगी आवाज काढायचं. पोटचं पोर गेलं, आत काहीच हलेना. माझंही रक्त घे की. मज तरी रोग असेल."

त्यातून काही कळत नाही, हे कृष्णवेणीला दुपारीच कळलं होतं. तरी तिनं सासूचा हात मांडीवर घेतला आणि शीर शोधू लागली.