नम्रतेची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, आज मागच्या अंगणात उलटी पडलेय, पण माझ्या झाडाचा थाट काय सांगू! इतकं उंच होतं, की चंद्राला रोज त्याला वळसा घालून जावं लागायचं. सुताराने मला घडवलं तेव्हा माझे चारही पाय सारखे होते.

मला नेलं धर्मशास्त्राच्या एका बड्या विद्यालयात. पदवी घेऊन पुढचं शिकू पाहणारी मुलं मुलाखतीला माझ्यावर बसायची. ऐसपैस बसायची, उलट प्रश्न विचारायची. प्राचार्यांना ते खपेना. त्यांनी माझे पुढचे दोन पाय बोटभर कापून घेतले आणि बसायची फळी घासून गुळगुळीत करवली. मग काय, जो बसेल तो घसरायचा, पाय रोवून वाकून बसायचा. प्राचार्य खूश. म्हणायचे, पोरगा नम्र आहे हो. पाय माझे गेले आणि नाव नम्रतेचं झालं.

शेजारच्या वर्गात वर्षानुवर्षं क्षमेवर व्याख्यानं चालायची. भिंतीपलीकडून मी सगळी ऐकली. एकही लागू पडलं नाही. मी डूख धरून बसले.

एकदा एक मुलगी आली, सोबत तिला वाढवणारी आत्या. मुलगी इस्पितळात आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं काम करायची. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक इथून आणि दुसरं नदीपलीकडच्या एका छोट्या विद्यालयातून. तिथे बेकरीच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरायचे. उत्तर त्याच दिवशी द्यायचं होतं. आत्याचा जीव इथल्या मोठ्या नावात अडकलेला. मुलीला मात्र एकच विचारायचं होतं, की मूल गेलेल्या आईला काय सांगायचं, हे इथे शिकवतात का.

प्राचार्य हसले. म्हणाले, इथे यायचं तर असले प्रश्न आधी मनातून काढावे लागतील. मुलगी बिचारी घसरत, सावरत, मान खाली घालून बसलेली.

"बघा, किती नम्र आहे," ते आत्याला म्हणाले.

आत्याने मुलीच्या पायांकडे पाहिलं. "नम्र कसली, घसरतेय ती. तुम्हीच बसून बघा की जरा."

आता नाही कसं म्हणणार? आले, बसले आणि आरामात असल्याचं दाखवायला पाय लांब केले. मित्रांनो, आयुष्यभराचा राग मी फळीच्या काठावर गोळा केला. प्राचार्य असे सुटले, की टेबलाखालून थेट पलीकडे, स्वतःच्याच खुर्चीपाशी निघाले. खोटं वाटतंय? अहो, मी तिथेच होते.

मुलीने धावत जाऊन हात दिला आणि त्यांना उठवता उठवता तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"आधी ही खुर्ची बाहेर फेका," ते म्हणाले.

आत्याने पर्स उचलली. "चल गं. त्या बेकरीकडे कसं जायचं?"

तर माझी एकच विनंती आहे. शिकायला कुठे जायचं हे ठरवताना, तुम्हाला जिथे बसवतात तिथे त्या मोठ्या माणसांना एकदा बसवून बघा. ती पडली तर हात जरूर द्या. पण त्या पोरीसारखी घाई करू नका. मला नीट बघूसुद्धा दिलं नाही तिने.