अजून रानातच

मिर्लांदने खुर्ची ओढून गेर्दाच्या खांद्यामागे हातभर अंतरावर लावली आणि बसता बसता बाहीवरचा बर्फ झटकला. दुभाषी माणसाने असंच बसायचं असतं: नजरेआड, कानाजवळ. डॉक्टरने आईकडे बघून बोलावं, आईने डॉक्टरकडे, आणि मधल्या बाईला दोघींनी विसरून जावं. एकोणीस वर्षांत मिर्लांद इतक्या लोकांच्या विस्मरणात गेली होती, की आता घरी नवराही तिला हाक मारायची विसरत असे.

पलंगावर लुनिस होती, गेर्दाची सहा वर्षांची मुलगी. तोंडात नळी, मनगटाला पट्टी, वेण्यांच्या टोकांना अजून पिवळे मणी. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. तिसरा दिवस.

मिर्लांदने सुरुवातीचं ठरलेलं बोलणं हैतीच्या क्रेओल भाषेत सांगून टाकलं. इथे जे बोललं जाईल ते सगळं मी पलीकडे पोचवणार, काही गाळणार नाही, पदरचं घालणार नाही. डॉक्टरांना कळू नये असं काही असेल तर ते माझ्यापुढे बोलू नका. गेर्दाने मान हलवली. बाहेर कॉरिडॉरमध्ये तिने मिर्लांदचे बूट पाहून विचारलं होतं, ताई, तुम्ही विमानानं आलात ना? मिर्लांद म्हणाली होती, हो, सत्याऐंशी साली. "वाटतंच," एवढं बोलून गेर्दाने विषय संपवला होता. बॉस्टनच्या हैतीयन चर्चमध्ये हल्ली अशा दोन रांगा पडल्या होत्या, विमानाने आलेल्यांची आणि पायी आलेल्यांची. गेर्दा पायी आलेली. आधी दूर दक्षिण अमेरिकेत, सान्तियागोत फळं भरायच्या कारखान्यात होती. नवरा तिथेच दुसरीकडे गुंतला, तेव्हा ही उत्तरेकडे निघाली. कोलंबिया आणि पनामाच्या मधलं रान ओलांडून, मुलीला पाठीशी बांधून. ह्याला तीन वर्षं झाली.

डॉक्टर ब्रेनन तरुण होती, भराभर बोलायची, पण माणूस चांगलं. मेंदूवरचा दाब, रक्तातला जंतू, मूत्रपिंडांवर आलेला ताण, हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मिर्लांदने ते एका दमात क्रेओलमध्ये उतरवलं. अवघड शब्दांची तिला कधी भीती वाटली नव्हती. अवघड शब्द सरळ असतात, एक असतो आणि एकच राहतो. भीती सोप्यांची. इंग्रजीतली क्रियापदं एकटी घराबाहेर पडत नाहीत, अप, ऑफ, आउट असं एखादं चिमुकलं पोर कडेवर घेऊन निघतात, आणि पोर बदललं की बाईचं काम बदलतं. शाळेत न जाता, धुण्याच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालता घालता, मिर्लांदने ती पोरं एकेक करून पाठ केली होती.

आणि मग डॉक्टरने शेवटी, जरा आवाज खाली आणून, एक साधं वाक्य म्हटलं. शी इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट. मिर्लांदने ते हजारदा ऐकलं होतं, हजारदा त्याचं 'धोका अजून टळलेला नाही' केलं होतं. पण सकाळपासूनचं हे चौथं काम होतं, आणि सगळा दम मूत्रपिंडांवर खर्च झाला होता. डोंगर पार करून उंबऱ्याला ठेच लागावी तसं झालं.

"तुमची मुलगी," ती क्रेओलमध्ये म्हणाली, "अजून रानातून बाहेर आलेली नाही."

गेर्दा सावकाश वळली. डॉक्टरकडे नाही, मागे, मिर्लांदकडे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मिर्लांदला आपलं काय चुकलं ते कळलं, पण तेवढ्यात गेर्दा बोलायला लागली होती. खालच्या आवाजात, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. लुनिस बाहेर आली होती. लुनिसला तिने पाठीवर आणली होती, तीन वर्षांची होती, वजन ते काय. थोरली चालत होती. जुदलिन, नऊ वर्षांची. चौथ्या दिवशी नदीला पाणी चढलं. पलीकडच्या काठावरून लोक ओरडत होते, लवकर, लवकर. एका हातात दोर होता, दुसऱ्या हातात जुदलिन.

"मी सोडली तिला," गेर्दा म्हणाली.

मग एकदम भानावर येऊन तिने मिर्लांदचं मनगट धरलं. हे हिला सांगू नका. कागदांवर एकच मूल लिहिलंय. एक सोडून आलेली आई म्हटल्यावर ही दुसरीही काढून घेतील.

"काय म्हणताहेत त्या?" डॉक्टरने विचारलं.

चूक झाली तर ती दोन्ही भाषांत कबूल करायची, हा नियम होता. एरवी दुभाष्याच्या तोंडचा 'मी' म्हणजे आई, नाहीतर डॉक्टर. स्वतःविषयी बोलायचं तर तिऱ्हाईतासारखं बोलायचं. मिर्लांदने सांगितलं, दुभाषीकडून चूक झाली, दुभाषीने वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ सांगितला. डॉक्टरचे कान लाल झाले. असं बोलू नका म्हणून आम्हाला बजावलेलं असतं, ती म्हणाली, माझंच चुकलं. त्यांना सांगा की पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत.

मिर्लांदने ते सांगितलं. वर तिऱ्हाईताच्या सुरात हेही सांगितलं, की ती नुसती बोलायची पद्धत आहे. ह्यांच्याकडे पडसं झालेल्या माणसालाही रानात पाठवतात. इथे कोणाला कशाची खबर नाही.

गेर्दाने मिर्लांदचं मनगट सोडलं. कोणी न मागता आपण काय देऊन बसलो, ते तिला उमगत होतं. पलंगाशेजारचं यंत्र लुनिसच्या छातीत हवा भरत होतं आणि काढून घेत होतं.

"पण त्या बरंच काही बोलल्या," डॉक्टर म्हणाली. तिने पेन हातात घेतलं होतं. रागाने नाही, सवयीने.

अशाच एका खोलीत, एका आईच्या एका शब्दावरून सोशल वर्करला बोलावलेलं मिर्लांदने पाहिलं होतं. आणि त्या आईचं काय झालं हे तिला कधीच कळलं नव्हतं, कारण दुभाषीला पुढचं कोणी कळवत नाही. देवाची प्रार्थना करत होत्या, असं म्हणता आलं असतं. तोंडात वाक्य तयारही झालं. ती क्रेओलमध्ये गेर्दाला म्हणाली, बाई, ह्या विचारताहेत. मला सांगावं लागेल. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, माझ्यापुढे बोललेलं माझ्यातुमच्यातच राहत नाही, तर...

"सांगा," गेर्दा म्हणाली.

"काय सांगू?"

"सगळं. तुम्ही चुकून बोललात, पण ते कोणी तुमच्याकडून वदवून घेतलं? एकीला लपवली म्हणून दुसरी त्या रानातच अडकलीय. नाव घालून सांगा."

मिर्लांदने हात मांडीवर ठेवले, नजर फरशीवर ठेवली आणि इंग्रजीत सुरुवात केली. मला आणखी एक मुलगी होती. जुदलिन तिचं नाव. नऊ वर्षांची. नदीला पाणी चढलं होतं. माझ्या एका हातात दोर होता. एक एक वाक्य ती पायाखाली दगड चाचपावा तसं टाकत गेली, आणि 'मी तिला' इथपर्यंत येऊन थांबली.

गेर्दाने एकच शब्द वापरला होता. क्रेओलमध्ये घर सोडलं तरी तोच, हात सोडला तरी तोच, नवऱ्याने बायको सोडली तरी तोच. इंग्रजीत त्याचे तुकडे करावे लागतात. लेट गो म्हटलं तर पाण्यात हात सोडला. लेफ्ट बिहाइंड म्हटलं तर काठावर ठेवून पुढे गेली. गेव्ह अप म्हटलं तर मूल टाकूनच दिलं, मग ह्या दुसऱ्या मुलीवरचाही हक्क गेल्यातच जमा. डॉक्टरचं पेन कागदाच्या वर थांबलेलं होतं.

अशा वेळी खुलासा विचारायची परवानगी असते.

"बाई," मिर्लांदने हळूच विचारलं, "सोडली म्हणजे? हात तुम्ही सोडलात, की सुटला?"

गेर्दाने आपला उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडे पाहत राहिली, डोळे कमजोर झालेला माणूस पत्र वाचतो तशी. मग तिने मूठ मिटली.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

मिर्लांदने तोच सूर ठेवून ते इंग्रजीत सांगितलं. "मला ठाऊक नाही."

डॉक्टर ब्रेननने मान वर केली आणि ती मिर्लांदकडे बघत राहिली. हे दोघींपैकी नेमकं कोण बोललं, ते तिला समजलं नसावं. मिर्लांदने खुलासा केला नाही.